आतड्याच्या स्कॅनचे वाचन आणि रेडिओग्राफरची भूमिका

सीटी कोलोनोग्राफी ही मोठ्या आतड्याची तपासणी आहे. गुदद्वारातून बारीक, लवचीक नळी घालून आतड्यात कार्बन डायऑक्साइड भरतात. आतडे फुगले की सीटी स्कॅन काढतात आणि मग संगणकावर आतड्याच्या भिंतीची आतली बाजू तसूतसूने तपासतात. दुर्बीण न घालता आतडे आतून दिसते, म्हणून हिला आभासी कोलोनोस्कोपी असेही म्हणतात. अमेरिकेतील रेडिओलॉजिस्ट डेव्हिड व्हायनिंग यांनी १९९४ मध्ये ही पद्धत प्रथम मांडली. तपासणीत शोधायच्या असतात मुख्यतः दोन गोष्टी : मोठ्या आतड्याचा कॅन्सर, आणि पुढे कॅन्सर होण्याची शक्यता असलेले पॉलिप, म्हणजे आतड्याच्या अस्तरावरची वाढ.

बहुतेक देशांत स्कॅन काढतो रेडिओग्राफर आणि वाचतो रेडिओलॉजिस्ट. ब्रिटनमध्ये मात्र ही वाटणी बरीच बदलली आहे. तेथे विशेष प्रशिक्षण घेतलेले रेडिओग्राफर स्कॅन काढतात, त्यावर प्राथमिक मत नोंदवतात आणि काही रुग्णालयांत आतड्याचा अहवालही स्वतः लिहितात. हे काम कसे चालते, त्यात कोणती पथ्ये पाळावी लागतात आणि रेडिओग्राफरच्या अधिकाराची हद्द कोठे संपते, याचे मार्गदर्शन येथे केले आहे.

ही भूमिका कशी आकाराला आली

ब्रिटनमधील रेडिओग्राफर आतड्याच्या तपासणीत शिरले ते बेरियम एनिमाच्या, म्हणजे गुदद्वारातून बेरियम भरून केल्या जाणाऱ्या एक्स-रे तपासणीच्या मार्गाने. १९९० च्या दशकात रेडिओलॉजिस्टांची संख्या अपुरी पडू लागली, तेव्हा लीड्ससारख्या ठिकाणी रेडिओग्राफरना बेरियम एनिमा स्वतंत्रपणे करण्याचे प्रशिक्षण देण्यात आले. तपासणी करता करता ते चित्रांवर मत नोंदवू लागले. अपघात विभागात तर त्याआधीपासूनच, हाड मोडल्याची शंका आलेल्या एक्स-रेवर लाल ठिपका लावून डॉक्टरांचे लक्ष वेधण्याची रीत पडली होती.

पुढे बेरियम एनिमाच मागे पडला. ब्रिटनमधील २१ रुग्णालयांत झालेल्या ‘सिगार’ या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. कॅन्सर किंवा मोठे पॉलिप सापडण्याचे प्रमाण बेरियम एनिमात ५.६ टक्के, तर सीटी कोलोनोग्राफीत ७.३ टक्के होते. बेरियमच्या गटातील ८५ कॅन्सरपैकी १२ निसटले. सीटीच्या गटातील ४५ पैकी ३. बेरियमचे काम करणारे अनुभवी रेडिओग्राफर मग सीटीकडे वळले. आतड्याची रचना, रुग्णाला वळवण्याचे तंत्र आणि अवघडलेल्या माणसाशी बोलण्याची हातोटी त्यांच्यापाशी होतीच.

त्यांना वाचन जमते का, हाही प्रश्न तपासला गेला. ॲम्स्टरडॅममधील संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रशिक्षित रेडिओग्राफरची पॉलिप ओळखण्याची क्षमता रेडिओलॉजिस्टांच्या तोडीची आढळली. ‘प्रशिक्षित’ हा शब्द येथे कळीचा आहे. या वाचनात पदवीपेक्षा सराव जास्त बोलतो, आणि ते रेडिओलॉजिस्टांनाही तितकेच लागू पडते.

कायद्याची चौकटही या कामाला पोषक आहे. आयनकारी किरणांच्या वैद्यकीय वापराचे ब्रिटनमधील २०१७ चे नियम प्रत्येक तपासणीचे वैद्यकीय मूल्यमापन होऊन त्याची नोंद राहिली पाहिजे, असे सांगतात. ते काम प्रशिक्षित आणि संस्थेने नेमून दिलेल्या व्यक्तीने करावे लागते. ती व्यक्ती डॉक्टरच असली पाहिजे असे बंधन नाही.

वाचनाची सुरुवात टेबलावर होते

न फुगलेल्या किंवा मळाने भरलेल्या आतड्याचा स्कॅन कितीही अनुभवी माणसाला वाचता येत नाही. म्हणून रेडिओग्राफरचे पहिले काम म्हणजे वाचण्याजोगा स्कॅन हाती देणे.

पूर्वतयारीत रुग्णाला एक-दोन दिवस कमी चोथ्याचा आहार घ्यावा लागतो. त्यासोबत आयोडीन असलेले गॅस्ट्रोग्राफिनसारखे औषध किंवा पातळ बेरियम प्यायला देतात. ते उरल्यासुरल्या मळात मिसळते आणि स्कॅनवर मळ पांढराशुभ्र दिसतो, त्यामुळे राखाडी दिसणारा पॉलिप वेगळा ओळखता येतो. रुग्णाने औषध कधी घेतले, किती वेळा शौचाला झाली, शेवटी कसे झाले, हे टेबलावर घेण्यापूर्वी विचारून घ्यावे. औषध घेतलेच नसेल, तर तपासणी पुढे ढकलणे शहाणपणाचे.

तपासणी करू नये अशा परिस्थितीही याच वेळी हेराव्या लागतात : आतड्याला आलेली तीव्र सूज, पोटात अचानक उठलेली जोराची कळ, नुकतीच झालेली खोल बायोप्सी किंवा आतड्याची शस्त्रक्रिया. आतड्याची उबळ कमी करण्यासाठी शिरेतून ब्युस्कोपॅन देतात. त्याआधी हृदयविकाराची चौकशी करावी, आणि नंतर डोळा दुखून लाल झाला तर लगेच डॉक्टरकडे जाण्याची सूचना द्यावी.

वायू स्वयंचलित पंपाने, दाबावर लक्ष ठेवत भरतात. कार्बन डायऑक्साइड रक्तात चटकन शोषला जाऊन श्वासावाटे बाहेर पडतो, त्यामुळे साध्या हवेपेक्षा पोटफुगीचा त्रास लवकर ओसरतो. आतड्याला भोक पडण्याचा धोका फार कमी असला, तरी तो शून्य नसतो.

रुग्णाला एकदा उताणे आणि एकदा पालथे झोपवून दोन स्कॅन काढतात. पालथे होता येत नसेल तर कुशीवर. स्थिती बदलली की वायू आणि द्रव जागा बदलतात, त्यामुळे एका स्कॅनमध्ये बुडालेला किंवा मिटलेला भाग दुसऱ्यात उघडा पडतो.

समजा, दोन्ही स्कॅन झाले आहेत आणि रुग्ण अजून टेबलावर आहे. रेडिओग्राफर चित्रे भराभर पुढे सरकवतो. सिग्मॉइड, म्हणजे गुदाशयाच्या वरचे नागमोडी आतडे, दोन्ही स्थितींत एकाच जागी मिटलेले दिसते. हा भाग तसाच सोडला, तर अहवालात ‘येथील आतडे पाहता आले नाही’ असे वाक्य येणार आणि रुग्णाला पुन्हा यावे लागणार. अशा वेळी रुग्णाला उजव्या कुशीवर वळवावे, थोडा वायू आणखी भरावा आणि केवळ तेवढ्या भागाचा कमी मात्रेचा तिसरा स्कॅन घ्यावा. तो भाग तरीही उघडला नाही आणि थोड्याच लांबीत भिंत जाड व कडेला खांदे उचलल्यासारखी दिसत असली, तर ती साधी उबळ नसून कॅन्सर असू शकतो.

रुग्णाला टेबलावरून उतरवण्यापूर्वी पुढील चार गोष्टी पाहाव्यात.

१. आतड्याचा प्रत्येक भाग निदान एका स्थितीत तरी पुरेसा फुगला आहे का.

२. आतड्याबाहेर, पोटाच्या पोकळीत वायू आहे का. त्यासाठी फुप्फुसाची विंडो, म्हणजे चित्राच्या उजेड-अंधाराची फुप्फुसासाठी ठरलेली मांडणी, लावून चित्रे पाहावीत, कारण नेहमीच्या विंडोत बाहेरचा वायू चरबीत हरवून जातो.

३. उघड दिसणारा कॅन्सर आहे का. असल्यास रेडिओलॉजिस्टला तत्काळ बोलवावे. शिरेतून कॉन्ट्रास्ट देऊन छाती-पोटाचा स्कॅन त्याच बैठकीत झाला, तर आजार कितपत पसरला आहे तेही कळते आणि रुग्णाची एक खेप वाचते.

४. महाधमनीचा मोठा फुगवटा किंवा आतड्याचा अडथळा यांसारखे तातडीचे काही आहे का.

या पाहणीचा निष्कर्ष थोडक्यात लिहून ठेवणे, हीच रेडिओग्राफरच्या वाचनाची पहिली पायरी. अंतिम अहवाल रेडिओलॉजिस्ट लिहीत असला तरी ही नोंद त्याच्या उपयोगी पडते. रुग्ण कोठे कळवळला, वायू कोठे अडला, नळी घालताना हाताला काय लागले, या गोष्टी चित्रांत उमटत नाहीत. त्या फक्त स्कॅन काढणाऱ्याला ठाऊक असतात.

पूर्ण वाचनाची पद्धत

दोन्ही स्थितींची मिळून चित्रे हजाराच्या घरात जातात. ती वाचण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत सपाट द्विमितीय चित्रांवरून आतड्याचा माग गुदाशयापासून अंधांत्रापर्यंत, म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीपर्यंत, काढतात आणि शंका आली तरच त्रिमितीय चित्र पाहतात. दुसरीत आतड्याच्या पोकळीतून आभासी प्रवास करतात आणि सापडलेली प्रत्येक गोष्ट द्विमितीय चित्रावर पडताळतात. कोणतीही रीत चालते, पण दोन्ही अवगत असाव्या लागतात. आभासी प्रवास एकाच दिशेने केला, तर घड्यांची मागची बाजू झाकलेली राहते. म्हणून तो जाताना आणि येताना असा दोन्हीकडून करावा. पांढऱ्या द्रवाखाली बुडालेला पॉलिप त्रिमितीय चित्रात मुळीच दिसत नाही; तो द्विमितीय चित्रातच सापडतो.

वाचनाचा क्रम ठरलेला असावा आणि तो मोडू नये. गुदाशय, सिग्मॉइड, डावे आतडे, प्लीहेजवळचे वळण, आडवे आतडे, यकृताजवळचे वळण, उजवे आतडे, अंधांत्र. हीच वाट दुसऱ्या स्थितीतही. मध्ये काही सापडले, तर खूण करून पुढे जावे. एक मोठा कॅन्सर दिसला की नजर समाधान पावते आणि उरलेले आतडे घाईत उरकले जाते. पण त्याच आतड्यात दुसरा कॅन्सर किंवा पॉलिप असणे काही नवलाचे नाही.

संशयास्पद जागा दाखवणारी संगणकीय प्रणाली मदतीला असते. तिचा उपयोग स्वतःचे वाचन पूर्ण झाल्यावर, दुसरी नजर म्हणून करावा. तिच्या खुणांपैकी बहुतांश फसव्या निघतात. कोणती खूण झटकायची आणि कोणती धरायची, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते.

पॉलिप की आणखी काही

उताण्या स्कॅनमध्ये उजव्या आतड्याच्या मागच्या भिंतीवर आठ मिलिमीटरचा उंचवटा दिसला, असे समजा. पहिला प्रश्न : पालथ्या स्कॅनमध्ये तो त्याच भिंतीवर आहे का? पुढच्या भिंतीवर गेला असेल, तर बहुधा तो सुटा मळ. पण एवढ्यावर निकाल देऊ नये. देठ असलेला पॉलिप झुलतो, आणि सिग्मॉइड किंवा अंधांत्र स्वतःच पीळ घेऊन फिरते. मग भिंतीला घट्ट चिकटलेली गोष्टही सरकल्यासारखी भासते. अशा वेळी शेजारची घडी किंवा डायव्हर्टिक्युलम, म्हणजे भिंतीतून बाहेर आलेली छोटी पिशवी, खूण म्हणून धरून जागा ताडून पाहावी.

दुसरा प्रश्न : आतून तो कसा आहे? सगळीकडे एकसारखा राखाडी असेल तर पॉलिप. आत वायूचे बुडबुडे किंवा पांढरे ठिपके असतील तर मळ. मात्र उंचवट्याच्या फक्त पृष्ठभागावर पांढरा पातळ थर असला, तर त्याला मळ म्हणून सोडू नये. काही चपट्या आणि मखमली पृष्ठभागाच्या पॉलिपांवर औषध असेच चिकटते. थराखालचा भाग राखाडी असेल, तर ती खरी वाढ असू शकते. तिसरा प्रश्न घनतेचा : आत चरबी दिसली, तर तो लायपोमा, म्हणजे निरुपद्रवी चरबीची गाठ.

हमखास फसवणाऱ्या जागा ठरलेल्या आहेत. लहान-मोठ्या आतड्यांमधली झडप चरबीमुळे फुगीर दिसते आणि तिच्या आडोशाला पॉलिप दडतो. अपेंडिक्स काढल्यावर उरलेला खुंट आत वळला, तर हुबेहूब पॉलिप वाटतो. डायव्हर्टिक्युला असलेल्या सिग्मॉइडची भिंत मुळातच जाड असते, त्यामुळे तेथे चपटा कॅन्सर लपतो. सर्वांत दगा देतो तो गुदाशयाचा शेवटचा भाग. नळीच्या टोकाशी असलेला फुगा तेथील भिंत झाकतो, म्हणून दुसऱ्या स्कॅनपूर्वी फुगा रिकामा करावा. मूळव्याधीचे कोंबही तेथेच असतात. या भागाबद्दल स्कॅनवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही. बोटाने केलेली तपासणीही हवीच.

मोजमाप आणि वर्गवारी

पुढची सगळी दिशा आकारावर ठरते, म्हणून मोजणी काटेकोर असावी. द्विमितीय चित्रावर, आतड्याची विंडो लावून, पॉलिपचा सर्वांत लांब व्यास मोजावा. देठ त्यात धरू नये. मोजमापासोबत आतड्याचा भाग, आकार (देठाचा, बसका की चपटा), दोन्ही स्थितींतील चित्रांचे क्रमांक आणि वाचणाऱ्याची खात्री किती, हेही लिहावे. कोलोनोस्कोपी करणाऱ्याला पॉलिप नेमका कोठे शोधायचा ते यावरूनच कळते.

२००५ मध्ये मांडलेली ‘सी-रॅड्स’ ही वर्गवारी बरीच रूढ आहे. सी-० म्हणजे स्कॅन अपुरा. सी-१ म्हणजे चिंतेचे काही नाही. सी-२ म्हणजे ६ ते ९ मिलिमीटरचे एक किंवा दोन पॉलिप. सी-३ म्हणजे १० मिलिमीटर वा त्याहून मोठा पॉलिप, किंवा ६ ते ९ मिलिमीटरचे तीन वा अधिक. सी-४ म्हणजे कॅन्सरसारखी दिसणारी गाठ. पाच मिलिमीटरपर्यंतचे ठिपके सहसा नोंदवत नाहीत. त्यांत कॅन्सर असण्याची शक्यता अत्यल्प असते, आणि स्कॅनवर ते मळापासून खात्रीने वेगळे काढता येत नाहीत. पॉलिप काढणे किंवा त्याचा तुकडा तपासणे स्कॅनने होत नाही. त्यासाठी कोलोनोस्कोपीच करावी लागते. सिगार चाचणीच्या सीटी आणि कोलोनोस्कोपी यांची तुलना करणाऱ्या भागात सीटीनंतर ३० टक्के रुग्णांना आणखी तपासणी लागली, तर कोलोनोस्कोपीनंतर ८.२ टक्क्यांना. किरकोळ शंकेपोटी रुग्णाला पुढे धाडणे किती महाग पडते, ते या आकड्यांवरून ध्यानात येते.

हद्द कोठे आखावी

स्कॅनमध्ये आतड्याबरोबर यकृत, मूत्रपिंडे, स्वादुपिंड, महाधमनी, फुप्फुसांचे खालचे टोक आणि हाडेही येतात. या तपासणीला येणारे रुग्ण बहुधा उतारवयातले असल्यामुळे आतड्याबाहेर काही ना काही सापडतेच. साधी पाण्याची गाठ (सिस्ट), पित्ताशयातील खडे यांत घाबरण्यासारखे काही नसते. पण मूत्रपिंडाची गाठ किंवा महाधमनीचा फुगवटा निसटून चालत नाही. आतड्याच्या वाचनाचे प्रशिक्षण म्हणजे संपूर्ण पोटाच्या सीटीचे प्रशिक्षण नव्हे. म्हणून सामान्यतः आतड्याचा भाग रेडिओग्राफर वाचतो आणि आतड्याबाहेरचा भाग रेडिओलॉजिस्ट. दोघांनी काय पाहिले, हे अहवालात स्पष्ट लिहिलेले असावे. ‘दुसऱ्याने पाहिले असेल’ या समजुतीत एखादा अवयव कोणीच न पाहिलेला राहू नये.

कोणत्या शंकेवर रेडिओलॉजिस्टला विचारायचे, याचे लेखी नियम विभागाने आधीच ठरवून द्यावेत. शस्त्रक्रिया झालेले आतडे, दाहाचा जुना आजार आणि पुरेसे न फुगलेले आतडे या बाबी त्यांत असाव्यात. शंका बोलून दाखवण्यात कमीपणा नाही; ती गिळून अहवाल ठाम करण्यात धोका आहे.

प्रशिक्षण आणि गुणवत्ता

वाचन शिकताना कोलोनोस्कोपीने ज्यांचे उत्तर आधीच ठाऊक आहे अशा स्कॅनवर सराव करतात. आधी स्वतः वाचायचे, मत लिहायचे आणि मगच उत्तर पाहायचे. त्यानंतर चालू रुग्णांचे स्कॅन रेडिओलॉजिस्टबरोबर दुहेरी वाचतात. मते सातत्याने जुळू लागली आणि विभागाने तपासणी करून मंजुरी दिली, की स्वतंत्र अहवाल लिहिण्याची मुभा मिळते.

मुभा मिळाली तरी शिकणे थांबत नाही. तीन गोष्टींचा हिशेब ठेवावा : सहा मिलिमीटर किंवा त्याहून मोठे पॉलिप किती टक्के रुग्णांत नोंदवले, त्यांतले किती कोलोनोस्कोपीत खरे निघाले, आणि ‘काही नाही’ असा अहवाल दिलेल्या किती रुग्णांना पुढील तीन वर्षांत कॅन्सर निघाला. तिसऱ्या प्रकारच्या प्रत्येक रुग्णाचा जुना स्कॅन बाहेर काढून पाहावा. गाठ दिसतच नव्हती, दिसत असून नजरेतून सुटली, की दिसूनही घडी किंवा मळ समजून सोडली, हे तिन्ही दोष वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. बहुविद्याशाखीय बैठकीला रेडिओग्राफरने बसावे. आपण वर्णन केलेल्या गाठीचे शस्त्रक्रियेत आणि सूक्ष्मदर्शकाखाली काय निघाले, ते तेथेच कळते.

भारतातील स्थिती

भारतात स्कॅनचा अहवाल रेडिओलॉजिस्टच देतो. राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायदा, २०२१ याने रेडिओलॉजी व इमेजिंगमधील तंत्रज्ञांना व्यावसायिक म्हणून मान्यतेची चौकट दिली. तरी ब्रिटनसारखी अहवाल लिहिण्याची भूमिका येथे रुजलेली नाही. सरकारी असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची चाचणी होते, मोठ्या आतड्याची नाही. त्यामुळे सीटी कोलोनोग्राफी मुख्यतः मोठ्या शहरांतच, आणि कोलोनोस्कोपी पूर्ण होऊ शकली नाही अशा रुग्णांसाठी केली जाते.

असे असले तरी टेबलावरचे वाचन येथील तंत्रज्ञालाही करता येते आणि करायला हवे. पूर्वतयारीची चौकशी, दोन्ही स्थितींत आतडे उघडले आहे का याची खात्री, आतड्याबाहेरच्या वायूचा शोध, उघड दिसणारी गाठ लगेच रेडिओलॉजिस्टला दाखवणे आणि तपासणीत घडलेल्या गोष्टींची चार ओळींची टीप, यांतल्या एकाही गोष्टीला अहवालाचा अधिकार लागत नाही. रुग्णाने निदान विचारले, तर ‘चित्रे तपासून डॉक्टर अहवाल देतील’ एवढेच सांगावे. अहवाल कधी आणि कोणाकडून मिळेल हे नेमके सांगावे, तसेच घरी गेल्यावर पोटात वाढती कळ, ताप किंवा रक्तस्राव झाल्यास थेट रुग्णालयात येण्याची सूचना लेखी द्यावी.